काचेपलीकडची मंडळी

परवा लेकीचा फोन आला. आमच्या नातवाला, वय वर्षे आठ, मार्केट रिसर्चवाल्यांनी बोलावलंय. तासभर बसून नवीन सीरियल चाखायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची, बदल्यात गिफ्ट कार्ड. "बाबा, पाठवू का?" असं तिनं विचारलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. कारण १९९४ साली हीच लेक अशाच एका खोलीत जाऊन आली होती.

तेव्हा मॉलमध्ये क्लिपबोर्डवाल्या बाईंनी आम्हाला गाठलं. आम्ही कागदावर सही केली (वाचतोय कोण!) आणि लेक आत गेली. पाच-सहा मुलं, सगळी एका वयाची; थोरलं बोललं की धाकटी त्याचीच री ओढतात ना! गुण द्यायला आकडे नव्हते, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग होती. एका भिंतीला भला मोठा आरसा. म्हणजे मुलांच्या बाजूनं आरसा, पलीकडून काच. तिथं अंधारात कंपनीची माणसं टिपणं घेत बसलेली, आणि कोपऱ्यात आम्ही.

चाखून झाल्यावर बाईंनी विचारलं, "घरी नको म्हणाले तर तू काय करतेस?"

लेक म्हणाली, "आईला विचारतच नाही. बाबा दमून आले की त्यांना विचारते. आणि इंडियाहून आजीचा फोन चालू असला की कुणीच नाही म्हणत नाही."

काचेपलीकडे हशा पिकला. एकानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. हसलो आम्हीही, पण घरी येईस्तोवर गाडीत कुणी बोललं नाही. लेकीच्या हातात वीस डॉलर होते.

चव हे निमित्त, हे आम्हाला फार उशिरा कळलं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स मॅकनील यांचं 'किड्स ॲज कस्टमर्स' हे पुस्तक १९९२ सालचं. त्यांच्या हिशेबी मूल म्हणजे एकात तीन गिऱ्हाइकं: स्वतःच्या खाऊच्या पैशांचं, आईबापांच्या खरेदीवर वजन पाडणारं आणि उद्या मोठं होऊन येणारं. यातलं मधलं वजन खाऊच्या पैशांपेक्षा कितीतरी भारी. म्हणजे त्या खोलीत तोलत होते ते आम्हाला! आम्ही कुठं वाकतो, केव्हा वाकतो, ते आमच्याच पोरीनं सांगितलं, आमच्याच सहीनं.

पुढे कायदे आले. मुलांच्या ऑनलाइन माहितीसंबंधीचा अमेरिकेतला 'कोपा' १९९८ चा, २००० पासून लागू. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आईबापांच्या परवानगीशिवाय घ्यायची नाही. त्यावरून २०१९ मध्ये गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. क्यूबेकनं तर १९८० पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरातच बंद केली, आणि १९८९ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. इथं मात्र अखेर सगळी भिस्त आईबापांच्या सहीवर. आणि सही कशी होते ते आम्ही वर सांगितलंच आहे.

लेकीला म्हटलं, "आधी प्रश्न मागव." तिनं मागवले. सीरियलबद्दल चार, घराबद्दल सात. किराणा कोण आणतं, हट्ट कोण पुरवतं, वगैरे. लेक म्हणाली, नाही पाठवायचं.

नातवाला मात्र ते गिफ्ट कार्ड हवंय. काल जावई दमूनभागून घरी आले, तेव्हा त्यानं त्यांना गाठलं म्हणे.