वादळाचा नकाशा वाचतां आला पाहिजे

क्यूबा बेटांतील हवाना शहरीं बेलेन नांवाचें जेसुइट धर्मगुरूंचें एक विद्यालय होतें. त्याच्या वेधशाळेचे प्रमुख फादर बेनितो विन्येस हे १८७० पासून १८९३ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत वायुभारमापक यंत्र पाहून व उंच ढगांची दिशा टिपून अटलांटिक महासागरांतील चक्री वादळांचा, म्हणजे हरिकेनांचा, अभ्यास करीत असत. ११ सप्टेंबर १८७५ रोजीं त्यांनीं लोकांस दिलेली सूचना ही अशा वादळाची पहिली प्रसिद्ध सूचना होय, असें मानितात. हें कार्य एका शाळेच्या वेधशाळेंतून घडलें, याचें आम्हां शाळेंतल्या मंडळीस विशेष वाटावें.

आज ही माहिती मिळविण्यास वेधशाळेची पायरीही चढावी लागत नाहीं. अमेरिकेंत मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळ उठलें असतां दर सहा तासांनीं नवें पत्रक व नकाशा आपल्या संकेतस्थळावर देतें. किनाऱ्यास इशारा लागू झाला म्हणजे दर तीन तासांनीं. त्यास एक पैही पडत नाहीं. तरीही माणसें मरतात, तीं कां? माझ्या मतें आतां उणीव वार्तेची नाहीं, ती वाचण्याची आहे.

त्या नकाशावर पुढें रुंद होत जाणारा एक पांढरा शंकू काढलेला असतो. पाहणारा समजतो कीं, शंकूच्या आंत संकट आणि बाहेर क्षेम. वस्तुतः वादळाचा केवळ मध्यबिंदु कोठून जाण्याचा संभव आहे, एवढेंच तो शंकू सांगतो. आणि तेंही मागील पांच वर्षांच्या चुका मोजून, तीनांपैकीं सुमारें दोन वेळां खरें ठरेल अशा बेतानें. वादळाचा विस्तार किती, पाणी कोठें चढेल, याचा त्यांत उल्लेखही नसतो. वादळास १ ते ५ असा जो क्रमांक देतात, तोही केवळ वाऱ्याच्या वेगावरून.

सन २०२२ मधील ‘इयान’ वादळाची गोष्ट पहा. फ्लॉरिडांतील पुष्कळांची दृष्टि शंकूच्या मध्यावर, टँपा शहराकडे, लागलेली होती. दक्षिणेकडील ली परगणा शंकूच्या कडेस होता. समुद्राच्या उधाणाची पूर्वसूचना त्या किनाऱ्यास २६ सप्टेंबरलाच लागू होती. परंतु परगण्यांतील लोकांस घरें सोडण्याचा पहिला हुकूम निघाला तो २७ तारखेच्या सकाळीं. २८ तारखेस दुपारीं ताशीं १५० मैल वेगाच्या वाऱ्यानिशीं वादळ त्याच परगण्यांत किनाऱ्यास लागलें. फोर्ट मायर्स बीच येथें जमिनीवर १० ते १५ फूट पाणी चढलें. त्या वादळांत ४१ माणसें उधाणानें गेलीं. चित्र सर्वांनीं पाहिलें होतें. चित्रासोबतचा मजकूर फार थोड्यांनीं वाचला असावा.

कोणी पालक म्हणतील, “मास्तर, आमच्या मुलांस फ्लॉरिडाशीं काय कर्तव्य?” पुष्कळांचे आप्त तिकडे आहेत, हें एक सोडून देऊं. आपल्या भारतीय हवामान खात्याचे चक्री वादळांचे नकाशेही अशाच शंकूनें काढलेले असतात. आणि ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्यांत शिरलें, तें कोंकणांतील कोणीही विसरलेलें नाहीं.

म्हणून माझें सांगणें असें कीं, भूगोलाच्या तासास जेथें नद्या व पर्वत पाठ होतात, तेथें वर्षांतून चार तास तरी वादळाच्या नकाशास द्यावेत. मागील एखाद्या वादळाचीं पत्रकें क्रमानें घेऊन मुलांकडून अक्षांश-रेखांशांवर टिंबें मांडून घ्यावींत, आणि प्रत्येक पत्रकानंतर विचारावें, “या गांवच्या लोकांनीं आज काय करावें?” मोबाईलवर नातलग जीं रंगीबेरंगी रेघांचीं चित्रें धाडतात, त्यांवर तारीख व खात्याचें नांव आहे कीं नाहीं हें पाहण्याची संवय याच वेळीं लागेल. हल्लीं तर हौशी भविष्यवाद्यांचें इतकें पीक आलें आहे कीं, खऱ्या खात्याचा आवाज त्यांत ऐकूं येणें कठीण!

पालकांकडे एकच मागणें आहे. वादळांत वीज जाते, आणि मागोमाग मोबाईलही मुका होतो. ‘निसर्गा’नंतर रायगडांतील कित्येक गांवें बरेच दिवस अंधारांत होतीं. तेव्हां नकाशा पाहून झाल्यावर घर कधीं सोडावयाचें, कोणत्या वाटेनें व कोणाकडे जावयाचें, हें मुलाच्या हातून कागदावर लिहवून घ्यावें, आणि तो कागद सेलवर चालणाऱ्या रेडिओशेजारीं ठेवावा.