सही व्हायच्या आधी वकील भेटू द्या

मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, कोल्हापूर
यांस,



वारणानगरहून लिहिते आहे. तात्यासाहेब कोरे यांनी इथे साखर कारखाना उभा केला, मागोमाग दूध संघ, बँक, बाजार आले. कर्ज म्हणजे काय हे इथल्या माणसाला विकास सोसायटीत कळतं. पण दवाखान्याचं बिल सोसायटीच्या मंजुरीसाठी थांबत नाही. मग माणूस खासगी सावकार गाठतो, आणि तिथे गहाणखत होत नाही; होतं ते खुशखरेदीखत.

असे दस्त मी वाचून दाखवले आहेत. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ ही वाक्यं सगळ्यांत तीच. पैसे फेडले की घर परत नावावर करून देतो, हे मात्र तोंडी. घर ‘विकून’ही कुटुंब तिथेच राहतं, घरफाळा आणि लाइटबिल भरतं, आणि व्याज भाड्याच्या नावाखाली जात राहतं. घर परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 58 त्याला गहाण मानत नाही. 1929 च्या दुरुस्तीपासून हे असंच आहे, आणि सावकाराचा कागद लिहिणाऱ्याला ते पाठ असतं.

कर्जदाराच्या बाजूचा कायदाही लेचापेचा नाही. एका बाईच्या घराच्या, महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली सांगितलं की खरेदीखत दिखाऊ होतं, खरा व्यवहार कर्जाचा होता, हे तोंडी पुराव्यानेही दाखवता येतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 याच्याही पुढे गेला. कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. मागच्या 15 वर्षांत सावकाराकडे गेलेली मिळकत ही कर्जाचं तारण होती असं चौकशीत ठरलं, तर उपनिबंधक तो दस्त अवैध ठरवून ताबा कर्जदाराला किंवा त्याच्या वारसांना देऊ शकतात. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. घरफाळ्याच्या पावत्या, व्याज पाठवल्याचा खातेउतारा, फोनवरचे संदेश अर्जाला जोडायचे असतात. हे सांगणारं माणूस कर्जदाराला भेटतं ते घराला कुलूप लागल्यावर.

सावकाराचं व्याज भरता भरता सोसायटीची बाकी राहते आणि मग मतही जातं. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 27 प्रमाणे थकबाकीदार सभासदाला संस्थेत मत नाही. कर्जाची झळ ज्याला सर्वांत जास्त बसली, तोच कर्ज वाटणारं मंडळ निवडताना बाहेर! मला हा नियम मुळातच अन्यायाचा वाटतो. पण त्याच कलमात एक परंतुक आहे, आणि ऊसपट्ट्यात ते घरोघर माहीत हवं. सभासदाने ठरलेला माल खरेदी-विक्री किंवा प्रक्रिया संस्थेला घातला असेल आणि त्याची किंमत येणे बाकीपेक्षा कमी नसेल, तर हिशेब मागाहून पुरा झाला तरी त्याला थकबाकीदार धरायचं नाही. सहकारी साखर कारखाना ही प्रक्रिया संस्थाच. ऊस गेला आहे, बिल निघायचं आहे आणि तरी नाव मतदारांच्या कच्च्या यादीतून गळालं आहे, अशा शेतकऱ्याने मुदतीत हरकत घ्यायला हवी. उसाच्या वजनपावत्या त्याच्या घरात खुंटीवर, तारेला ओवलेल्या असतात. त्याच आपला पुरावा, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. वकिलांनी आणि पक्षकारांनी वर्षानुवर्षं लढून ते मिळवलं, याचा मला अभिमान आहे. मात्र तिथे जाणाऱ्या प्रकरणाचा पहिला कागद गावात तयार होतो, आणि तो चुकला तर पुढचा वकील तरी काय करणार?

म्हणून मागणी अशी. आठवड्यातला एक ठरलेला दिवस आपला एक वकील आणि एक विधी स्वयंसेवक वारणानगरात बसू द्या. खरेदीखतावर सही करण्याआधी कुणालाही तो दस्त त्यांना दाखवता यावा. परिसरातल्या सोसायट्यांच्या कच्च्या याद्या लागतील तेव्हा हरकतीची मुदत संपेपर्यंत ते रोज बसावेत. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील दिला आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात, दस्ताची रांग लागते तिथेच, हे ठळक मराठीत लावा. कोणता वार देता, तेवढं कळवावं.

आपली,
विकास सोसायटीची एक सभासद,
वारणानगर