विसरलेल्या विहिरी

कोळशाच्या खाणीतील हवेत मिथेन वायूचे प्रमाण शेकडा 5 ते 15 झाले की एक ठिणगीही स्फोटास पुरते. म्हणूनच तेथे पंख्यांनी शुद्ध हवा अखंड खेळवितात. परंतु अमेरिकेत कोळशाचे थर भेदून नैसर्गिक वायूच्या विहिरीही खणल्या आहेत. त्यांतील वायू खाणीत शिरला, तर पंखेही अपुरे पडावेत. ह्यास्तव 1969 च्या कायद्याने विहिरीभोवती सामान्यतः किमान 300 फूट व्यासाचा कोळसा न खणता राखण्याचा दंडक घातला. पण जिची नोंदच नाही, त्या विहिरीभोवती कोळसा कोणी राखावा? आम्हांस वाटते, विहीर सोडून जाणाऱ्याने ती बुजवून नकाशावर दाखविणे हा उपकार नव्हे, कर्तव्य होय. धन नेणाऱ्याच्या विस्मृतीचे मोल खाणकामगाराने प्राण देऊन का चुकवावे?