गुटगुटीत मुलाचंही पोट दुखतं

पालघर जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे जव्हार-मोखाड्यातली काटकुळी मुलं येतात. त्यामुळे दांडी-नवापूरच्या किनाऱ्यावर किंवा बोईसरला एखादं गुटगुटीत मूल दिसलं, की आपण ‘माशाअल्लाह’ म्हणतो आणि निर्धास्त होतो. आम्हीही तसेच निर्धास्त राहिलो.

दांडीची एक विद्यार्थिनी वर्गात सारखी पोट धरून बसायची. वजन वयाच्या मानाने जास्त, चेहरा मात्र फिका. आम्ही तिच्या अम्मीला बोलावून सांगितलं, “हिची खारी-बिस्किटं कमी करा, जरा पळायला लावा.” पोरगी खाली मान घालून उभी होती. पुढे लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी आणखी तपासण्या करून घेतल्या. निघाला सिलिअ‍ॅक आजार.

या आजारात गहू आणि जव यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारी आतली बारीक लव झिजते. मग खाल्लेलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुलं सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा आजारी पडली. डॉ. विलेम डिके यांचा गव्हावरचा संशय त्यातून पक्का झाला.

आपल्याकडे हा आजार गहू खाणाऱ्या उत्तरेत जास्त आढळतो. भात-मासळीच्या किनाऱ्यावर त्याचं नाव कुणी काढत नाही. पण आता आपल्या घरांतही सकाळी पाव, दुपारी चपाती, संध्याकाळी नूडल्स असतात.

प्रत्येक जाड मुलाला हा आजार असतो असं नाही. पण वजन जास्त आहे म्हणून तो नसेलच, असंही नाही. वारंवार पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, यांपैकी काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी रक्ताची टीटीजी तपासणी होते, गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासतात. तोवर गहू स्वतःहून बंद करू नका, नाहीतर तपासणी फसते.

आजार ठरला की गहू आणि जव जन्मभर बंद. आतडं भरून आलं की अन्न अंगी लागतं आणि वजन आणखी वाढू शकतं. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांतही साखर आणि तूप-तेल भरपूर असू शकतं. त्यापेक्षा आपली तांदळाची भाकरी, नाचणी, ज्वारी, डाळ, भाजी, मासळी बरी. मात्र चक्कीत गव्हानंतर तांदूळ दळला तर त्यात गहू मिसळतो, म्हणून दळण वेगळं ठेवा. हलीम, जवाचा तलबीना, समोसा, शीरखुर्म्याच्या शेवया यांत ग्लूटेन आहे. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. ईदला अशा मुलासाठी तांदळाची फिरनी करा.

आणि एक विनंती. आपल्या दस्तरखानावर असं मूल बसलं, तर “एका घासाने काय होतंय?” असा आग्रह करू नका. त्या एका घासानेही त्याला त्रास होतो. मूल अल्लाहची अमानत आहे, मग ते आपलं असो की शेजाऱ्याचं.

त्या पोरीची आम्ही माफी मागितली. ती नुसती हसली. आता कुठलंही मूल पोट धरून बसलं, की आम्ही आधी त्याचं ऐकून घेतो.