‘लोड आला’ म्हणजे नेमकं काय आलं?

३१ मार्चच्या रात्री साडेनऊला शेजारच्या किराणा दुकानदाराने मोबाइल माझ्यापुढे धरला. घरपट्टी भरायच्या पानावर ते गोल चक्र नुसतं फिरतंय. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला, तर उत्तर मिळालं, “लोड आला होता.” शास्ती मात्र त्याला लागली. साइटला नाही.

लोड म्हणजे काय अवकाळी पाऊस आहे का राव? ३१ मार्च दरवर्षी ३१ मार्चलाच येतो.

मी इंजिनिअर नाही. पण बातम्यांचं छोटं पोर्टल चालवतो आणि हा मार मीही खाल्लाय. मागच्या मतमोजणीला तिसऱ्या फेरीतच माझी साइट बसली. पीएचपीत केलेली, एक जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर. मी मोठा सर्व्हर घ्यायला निघालो होतो. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा म्हणाला, “मामा, पैसे घालवू नका. निकालाचं पान मी गोमध्ये लिहून देतो.”

गो ही गुगलने २००९ मध्ये जाहीर केलेली भाषा. करणाऱ्यांत युनिक्सवाले केन थॉम्पसनही होते.

भाच्याने जे समजावलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पीएचपी, पायथनमध्ये लिहिलेला कोड सर्व्हरवरचा दुसरा एक प्रोग्रॅम वाचत वाचत चालवतो. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी हस्तलिखित वाचून दाखवतोय. (वाचलेलं जपून ठेवायची सोय आहे, तरी वाचणारा लागतोच.) गो, रस्टसारख्या भाषांत कोड आधीच कंपाइल होऊन थेट मशीनच्या भाषेत उतरतो. ऑफसेटची प्लेट काढल्यासारखं. चूक सापडली तर नवी प्लेट काढावी लागते, पण एकदा मशीनवर चढली की छापत सुटायचं.

दुसरी गोष्ट मेमरीची. माझ्या जुन्या साइटवर एका वेळच्या एका वाचकामागे एक प्रोसेस अडकायची, प्रत्येकी ३०-४० एमबी. एका जीबीत अशा किती बसणार? पंचविसेक. बाकीचे रांगेत. गोमध्ये त्या जागी ‘गोरुटीन’ असतं, ते सुरू होतं साधारण २ केबीवर.

पुढच्या पोटनिवडणुकीला त्याच सर्व्हरवर पान दिवसभर उघडत राहिलं. भाचा प्रामाणिक आहे, म्हणाला, “अर्धं श्रेय भाषेचं नाही मामा. आकडे मेमरीत ठेवले, दरवेळी डेटाबेसला विचारलं नाही, म्हणून टिकलं.” तेही खरंच. डेटाबेसच रडत असेल तर गो काय करणार?

पण भाषेने फरक पडतो हे मोठ्यांनीही मान्य केलंय. फेसबुक पीएचपीतलं. २०१० मध्ये त्यांनी पीएचपीचं सी++ करून कंपाइल करायची यंत्रणा आणली, तेव्हा वेब सर्व्हरवरचा प्रोसेसरचा भार सरासरी निम्म्यावर आल्याचं त्यांनीच सांगितलं. म्हणजे तेवढ्याच मशीनवर जवळपास दुप्पट काम. आपल्याकडे मशीनचे पैसे कोण भरतं? घरपट्टी भरणारा.

म्हणून माझं म्हणणं, नागरिकांचे पैसे आणि मुदत जिथे अडकते, तो भाग कंपाइल होणाऱ्या भाषेतच करून घ्या. सगळी साइट नको. सभेच्या नोटिसा, फोटो पीएचपीत राहू द्या, कारण पीएचपीचं पोरगं आपल्या गावात मिळतं, गोवालं पुण्याहून आणावं लागेल. हा खर्च खराच आहे, मी लपवत नाही. आणि सीमध्ये करा असंही म्हणत नाही. मेमरीतली एक चूक किती महागात पडते ते २०१४ च्या हार्टब्लीडने जगाला दाखवलं. गो आणि रस्ट त्या जातीच्या बऱ्याच चुका भाषेतच अडवतात.

आपल्याकडच्या निविदेत मुख्य पानावरचे सरकते फोटो असतात, मान्यवरांचे संदेश असतात. एका मिनिटात किती जणांची पावती निघाली पाहिजे, हा आकडा नसतो. तो घाला, आणि बिल देण्याआधी तेवढा लोड मुद्दाम टाकून बघा. मग ठेकेदार भाषा आपोआप नीट निवडेल.

माहितीच्या अधिकारात दोन प्रश्न टाकलेत: ३१ मार्चला साइट किती वेळ बंद होती, आणि त्या रात्री अडकलेल्यांची शास्ती माफ करणार का? ज्यांच्याकडे त्या रात्रीचे वेळेसकट स्क्रीनशॉट असतील त्यांनी मला इनबॉक्स करा, अर्जाला जोडतो. उत्तर आलं की इथेच टाकेन.