लाज नेमकी कोणाची?

अडलेल्या बाईला चिमटा लावून सोडवताना डॉक्टर कधी कधी योनीजवळच्या एका नसेपाशी भुलीचं इंजेक्शन देतात. त्याला म्हणतात ‘प्युडेंडल ब्लॉक’. हे नाव आलं ‘प्युडेंडम’वरून. बाईच्या बाह्य जननेंद्रियाला इंग्रजी वैद्यकाने दिलेला हा शब्द मूळचा लॅटिन. त्यातला ‘पुडेरे’ म्हणजे लाज वाटणे; तेव्हा प्युडेंडम म्हणजे जिची लाज बाळगायलाच हवी अशी गोष्ट. हे अवयवाचं वर्णन नाही, हुकूम आहे! काळजाला, मूत्रपिंडाला कोणी असं नाव ठेवलं नाही.

जुन्या लॅटिनमध्ये हा शब्द बाई आणि पुरुष दोघांनाही लावत. पुढे शरीररचनेच्या अधिकृत यादीत मात्र ‘प्युडेंडम फेमिनिनम’ उरलं ते बाईपुरतं. पुरुषाचे अवयव नुसते ‘बाह्य जननेंद्रिये’ झाले. २०१९ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय यादीतून बाईचं हे नाव अखेर वगळलं. नसेचं नाव तेवढं तसंच राहिलं. आणि गंमत म्हणजे ती नस पुरुषांनाही असते.

लॅटिनला नावं ठेवण्याआधी आपण काय म्हणतो ते पाहू या. गुप्तांग, गुह्यांग, लज्जास्थान. वास्तविक योनी म्हणजे उगमाची जागा, त्यात लाजेचा संबंधच नाही. मायांग हा तर आपल्या बायांचाच शब्द. पण आरोग्य शिबिरात विचारलं की उत्तर येतं, ‘खाली’, ‘तिथं’, ‘त्या जागी’. बाई ‘कंबर दुखते’ म्हणून येते, अर्धा तास बोलल्यावर कळतं की अंग बाहेर आलंय, तेही कित्येक वर्षांपासून. तोवर तिला कंबरेच्या गोळ्याच मिळालेल्या असतात.

आपल्याच काही मैत्रिणी म्हणतात, बायांना अवघडवू नका, त्यांचेच शब्द वापरा. मायांगाबद्दल हे मला मान्य आहे. पण ‘तिथं’ हा बायांचा शब्द नव्हे, ती त्यांच्यावर लादलेली गप्प बसण्याची सक्ती आहे. तिला लोकभाषा म्हणून आपण कुरवाळायचं का? लैंगिक अत्याचारापासून बालकांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला. त्याखाली जबाब देणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलीला अवयवाचं नावच ठाऊक नसेल, तर ‘तिथं म्हणजे कुठं?’ या प्रश्नावर तिने काय सांगावं?

आणि पोलिसांची भाषा! ‘फिर्यादीच्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले.’ हात घातला त्याने आणि लज्जा उत्पन्न व्हायची हिच्या मनात. १८६० च्या दंडविधानाच्या ३५४ कलमातला ‘विनय’ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७४ कलमात जसाच्या तसा आला. कलमं बदलली, आकडे बदलले, एवढा शब्द तेवढा कोणाला खटकला नाही.

शब्द बदलून बाई मोकळी होत नाही, हे मलाही कळतं. तरी जबाब लिहून घेताना सोबत बसणाऱ्या आपण कार्यकर्त्या तरी ‘अंगाला हात लावला’ एवढ्यावर का थांबतो? कुठल्या अंगाला, ते नाव घेऊन लिहायला लावू या. आणि आपल्या शिबिरांतल्या तक्त्यांवर अजून ‘गुप्तांगाची स्वच्छता’ असं छापलेलं आहे. पुढच्या छपाईआधी ते खोडा.