सॅकमध्ये रात्रीची सोय आहे का?

येत्या रविवारी ट्रेकला निघताय? मग सॅकमध्ये काय भरलंय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. पॉवर बँक, पाण्याची बाटली, पोंचो, डबा, फोटोसाठी जादाचा टी-शर्ट. सगळं कसं संध्याकाळी सहाला पायथ्याशी चहा प्यायचा या हिशेबानं. आणि नाहीच उतरता आलं तर?

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर गेलेले सहा जण धुक्यात वाट चुकले. पावसात, जंगलातच रात्र काढावी लागली आणि त्यांच्यातल्या एकाचा गारठ्यानं मृत्यू झाला. सह्याद्रीत थंडीनं माणूस जातो यावर आपला पटकन विश्वास बसत नाही, कारण इथे बर्फ पडत नाही. पण शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली घसरलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि त्यासाठी बाहेर शून्य अंश असायची गरज नसते. चिंब कपडे, माथ्यावरचा वारा, दमलेलं शरीर आणि रिकामं पोट एवढं पुरतं.

या एका रात्रीचा फार बारकाईनं विचार केलाय तो अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आपल्याला त्यांची बंदूक नको, सॅक बघायचीय.) कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क नावाच्या मोठ्या हरणामागे फिरणारा माणूस पायवाट सोडूनच चालतो. तिथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडायला परवानगी असते. म्हणजे जनावर मिळालंच तर अनेकदा दिवेलागणीला, गाडीपासून पार लांब. जखमी होऊन पळालं तर त्याच्या मागावर जायचं. पडलं तर मांस तोडून पाठीवर वाहायचं, तेही एका खेपेत होत नाही. त्यामुळे मुरलेला शिकारी फक्त दिवसभरासाठी निघाला तरी रात्रीची छोटी पुरचुंडी सोबत ठेवतो. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. सुखाची झोप मिळणार नाही, पण सकाळपर्यंत जीव तगेल, इतकंच.

शिवाय त्याच्याकडे एक बटण असतं. गार्मिनच्या इनरीचसारखं मुठीत मावणारं यंत्र मोबाइलची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवतं. नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिका आणि कॅनडात आयफोन १४ वरही अशी सोय सुरू झाली. तोच फोन भारतात वापरलात तर ती सोय चालत नाही. आणि इनरीच? डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू बाईंना हेच यंत्र बॅगेत सापडलं म्हणून ताब्यात घेतलं होतं. विनापरवाना सॅटेलाइट यंत्र बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. पुढच्याच महिन्यात, प्रवाशांना याची कल्पना द्या, असं डीजीसीएनं विमान कंपन्यांना सांगितलं.

सरकारची धास्ती समजू शकते. २६/११ च्या हल्ल्यात सॅटेलाइट फोन वापरला गेला होता. परवानगी काढून असा फोन मिळवण्याचा मार्गही कागदावर आहे. पण शनिवारी रात्री कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्या टीवायच्या पोरांना ती परवानगी कोण देणार? नोंदणी केलेली, फक्त मदतीचा संदेश जाईल अशी यंत्रं वनखात्याच्या चौकीवर भाड्यानं ठेवता येतील की! त्यावर निदान चर्चा तरी व्हावी.

तोवर आपली परिस्थिती अशी आहे : बटण असणारा माणूस रात्रीची तयारी करून जातो आणि बटण नसणारे आपण पोंचोवर भागवतो. खरं तर उलटं हवं. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट ३ तारखेला वादळात सापडला. त्यात बहुतेक कर्नाटकातले आणि एक जण पुण्याचा होता. हवाई दलाची हेलिकॉप्टर पोचली ती ५ तारखेला. नऊ जण वाचले नाहीत. चार हजार मीटरच्या वर, हिमवादळात, दोनशे रुपयांच्या चंदेरी कागदानं काय झालं असतं असा दावा मी करणार नाही. पण खबर बाहेर पडणं आणि मदत हाताशी येणं यात किती वेळ जातो, ते यातून कळतं. सह्याद्रीत हे अंतर कमी आहे, तरी आहेच. ११२ ला फोन लागला, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे कार्यकर्ते हातातली कामं टाकून निघाले, तरी धुक्यात, अंधारात वर चढून तुम्हाला शोधायला अख्खी रात्र जाऊ शकते.

मग त्या पुरचुंडीत काय हवं? सगळ्यात आधी कोरडे कपडे : एक लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, मोजे, कानटोपी, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं. सुती टी-शर्ट भिजला की अंगाला चिकटतो आणि ऊब ओढून घेतो, तो काढूनच टाका. मग इमर्जन्सी बिव्ही, म्हणजे चकचकीत पातळ पत्र्यासारखी दिसणारी, आत शिरून बसायची पिशवी. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. नुसतं चंदेरी ब्लँकेट त्याहून हलकं आणि स्वस्त असतं, पण वाऱ्यात फडफडतं, फाटतं आणि पाठ उघडी राहते. परवडत नसेल तर कचऱ्याची सगळ्यात मोठी, जाड काळी पिशवी घ्या, चेहऱ्यापुरतं भोक पाडा आणि डोक्यावरून घाला. चेहरा मात्र कायम बाहेर हवा. बुडाखाली फोमच्या चटईचा एक तुकडा, तोही नसेल तर रिकामी सॅक. ओली जमीन ऊब शोषून घेते आणि नेमकं हेच सगळे विसरतात. हेडलॅम्प, शिट्टी, शेंगदाण्याची चिक्की. सगळं मिळून साधारण पाण्याच्या एका लिटरच्या बाटलीएवढं वजन.

अमेरिकन यादीत शेकोटीच्या सामानाला मोठा मान असतो. ते आपल्याकडे जसंच्या तसं उचलू नका. जुलैत लाकूड पेटत नाही, आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो, तिथे आग लावायला मनाईच आहे. म्हणून आपल्यासाठी कोरडा थर आणि ती पिशवी जास्त महत्त्वाची.

आणि ती लवकर घाला. आधी माणूस कुडकुडतो, मग बोबडी वळते, बोटांना साधी चेन लावता येत नाही. तेव्हा पिशवी कसली उघडताय? मित्राचं कुडकुडणं थांबलं आणि तो असंबद्ध बोलायला लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. ती धोक्याची पुढची पायरी आहे. वाट चुकलीय आणि अंधार पडतोय हे कळलं की थांबा, कपडे बदला, एकमेकांना चिकटून बसा.

हल्ली बरेच जण इन्स्टावरची जाहिरात बघून अनोळखी ग्रुपबरोबर जातात. पैसे भरण्याआधी लीडरला विचारा : रात्री वर अडकलो तर तुमच्याकडे किती जणांची सोय आहे? चाळीस जणांमागे एक फर्स्ट एड बॉक्स, असं उत्तर आलं तर स्वतःची काळी पिशवी स्वतःच भरा, आणि शेजारी बसणाऱ्यासाठी आणखी एक.